अंगाला न लागलेला धागा

श्रावणात कराड, वाळवा, तासगाव या पट्ट्यातून जाताना मधूनच एखादं रान पिवळ्याधमक फुलांनी भरलेलं दिसतं. पुरुषभर उंचीची, सरळसोट, दाट उभी झाडं. वाऱ्याबरोबर सगळं रान एकदम कलतं. तो ताग. फुलं धरली रे धरली की त्या रानात ट्रॅक्टर शिरतो आणि उभं पीक मातीत गाडून टाकतो. अनोळखी माणसाला वाटावं, हे कसलं नुकसान! पण पेरणाऱ्यानं ते गाडण्यासाठीच पेरलेलं असतं. पुढं तिथं ऊस लागायचा आहे आणि तागाचं हिरवळीचं खत जमिनीला नत्र देतं. दीड महिन्याचं ते खोड अजून कोवळं असतं. आणखी दोन-अडीच महिने उभं राहू दिलं असतं तर त्याच्या सालीत मजबूत धागा भरला असता. तेवढं थांबायला कोणाला सवड नाही आणि गरजही नाही. गोठ्यातली म्हैस नायलॉनच्या दाव्याला बांधलेली आहे. त्याच वेळी पुण्या-मुंबईच्या दुकानांतून ‘हेम्प’चे सदरे टांगलेले असतात, आणि हे आपल्या पूर्वजांचं कापड, मधल्या काळात हिरावलं गेलेलं, असं विकणारे सांगतात. ही दोन दृश्यं एकमेकांशेजारी ठेवली की एक सरळ प्रश्न उभा राहतो: कृष्णा-कोयनेच्या या मुलखात अशा धाग्यानं कधी कोणाचं अंग झाकलं होतं का? माझं म्हणणं असं की नव्हतं झाकलं. पण म्हणून या धाग्याचा इतिहास उणा ठरत नाही. तो वेगळ्या कामाचा इतिहास आहे, आणि कापडाच्या मापानं मोजायला गेलं की तो हातातून निसटतो.

व्यापारी इंग्रजीनं ‘हेम्प’ या एका नावाखाली आपल्याकडची निरनिराळी झाडं कोंबली. खरा हेम्प म्हणजे भांग-गांज्याचं झाड. पण १८८५ साली छापलेलं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर धाग्याची पिकं सांगतं तेव्हा त्यातला ‘बॉम्बे हेम्प’ म्हणजे ताग असतो आणि ‘ब्राउन हेम्प’ म्हणजे अंबाडी. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. पुढं १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे आजच्या दोन्ही जिल्ह्यांची ही सामाईक कथा आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं या झाडांचं आपसात काही नातं नाही. ताग हा हरभरा-तुरीच्या कुळातला, म्हणून तर तो जमिनीत नत्र साठवतो. अंबाडी भेंडीच्या आणि कापसाच्या कुळातली. भांग तिसऱ्याच घरची. तिघांत सारखी गोष्ट एकच: धागा बोंडात नसतो, खोडाच्या सालीत असतो, आणि तो एका चिकट द्रव्यानं खोडाला घट्ट धरून ठेवलेला असतो. तो सुटावा म्हणून झाडं कापून, पेंढ्या बांधून, वर दगडांचं ओझं ठेवून साचलेल्या किंवा संथ पाण्यात आठ-पंधरा दिवस कुजत घालावी लागतात. पाण्यातले जिवाणू तो चिकटा खाऊन टाकतात. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून साल सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. डोहाचं पाणी काळं पडतं, मासे मरतात आणि वास पार गावात येतो. या कष्टातून जो हाती येतो तो वाख.

वाखापासून काय होत असे याची यादी केली तर जुन्या शेतीचं सगळं अंगच उभं राहतं. बैलाच्या नाकातली वेसण, तोंडाची म्होरकी, हाकणाऱ्याच्या हातातला कासरा, गोठ्यातलं दावं, गाडीवरचा कडबा आवळायचं चऱ्हाट, कणगी-पोत्यांची सुतळी, बाजेची वीण, शिंकाळं आणि विहिरीवरच्या मोटेचा नाडा. पाण्यानं भरलेली मोट खोल विहिरीतून चाकावरून वर ओढायची, ती पाटात उलटी करायची, पुन्हा खाली सोडायची, हे दिवसभर, बैलांच्या ताकदीवर. त्या नाड्यावर जो ताण येई तो सोसणारी दुसरी वस्तू गावात नव्हती. वनस्पतींच्या धाग्यांचा एक गुण इथं उपयोगी पडे: भिजल्यावर ते कमजोर होत नाहीत, उलट अधिक बळकट होतात. सदा ओला राहणारा नाडा म्हणूनच टिकायचा, आणि कोकणातल्या कोळ्यांची जाळीही याच कारणानं तागाच्या दोऱ्यानं विणली जायची. अंबाडीला तर स्वतंत्र रानही लागत नसे. बाजरी-जोंधळ्याच्या कडेनं तिचे दोन तास टाकले की वर्षाची दोरखंडाची बेगमी व्हायची. पाला कोवळा असताना खुडून कण्या घालून भाजी, वर लसणाची फोडणी; बियांचं तेल दिव्याला; वाख काढून उरलेल्या सणकाड्या चुलीला. स्वयंपाकघर, गोठा, विहीर, खळं असा सगळीकडे शिरलेला हा धागा माणसाच्या अंगावर मात्र आला नाही.

का आला नाही? याचं उत्तर धाग्याच्या कमीपणात नाही, त्याच्या शेजारात आहे. कृष्णेच्या काळ्या रानांत कापूस होत होता. बोंड फुटलं की तंतू आपसूक बाहेर येतो, त्याला पाणी लागत नाही, कुजवणं नाही, झोडपणं नाही. सरकी काढली, पिंजलं की चरख्यावर घ्यायचा. शिवाय तो मऊ, घाम शोषणारा आणि रंग धरणारा. तिकडं माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत पिकाची पेंढी पंधरा दिवस बुडवून ठेवायला पाणी कुठून आणायचं? अंबाडीचे दोन तास ओढ्याच्या डोहात भागतात, पण अख्ख्या गावाचं नेसण भागवायला डोह पुरणार नाहीत. आणि जिथं जाड, राकट, ऊन-पाऊस झेलणाऱ्या कापडाची गरज होती तिथं माणदेशाची मेंढी उभी होती. धनगरांनी कातरलेली लोकर, सणगरांनी विणलेली घोंगडी. अंथरायला तीच, पांघरायला तीच, पावसात खोळ करायलाही तीच. अंगाशी कापूस, अंगावर लोकर, आणि हाताखालच्या कामाला वाख. तिन्ही धाग्यांनी आपापली कामं अशी वाटून घेतली होती की अंबाडीच्या कापडाला मध्ये जागाच उरली नव्हती. जवसाचंही तेच झालं. युरोपात त्याच्या खोडापासून लिनन विणलं गेलं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी चांदोली इथं डेक्कन कॉलेजनं केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगातल्या तांब्याच्या मण्यांत ओवलेला धागाही जवसाचाच निघाला. म्हणजे हा धागा काढण्याची कला दख्खनला तीन हजार वर्षांपूर्वी माहीत होती. तरी पुढं इथला शेतकरी जवस पेरत राहिला तो तेलासाठी आणि चटणीसाठी. ठाऊक असणं आणि अंगीकारणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर बहुधा जमीन-पाणी ठरवतं.

यावर पहिला आक्षेप ग्रंथांचा येईल. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्यांची वस्त्रं सांगताना शणाचं (म्हणजे तागाचं), जवसाचं आणि लोकरीचं अशी तीन सांगितली आहेत. क्षत्रियाचं जानवं शणाच्या धाग्याचं असावं, असंही म्हटलं आहे. बौद्ध भिक्षूंना विनयपिटकानं ज्या सहा प्रकारच्या कापडांची मुभा दिली त्यांत जवस, कापूस, रेशीम आणि लोकर यांच्या जोडीला साण आणि भंग हे दोन वेगवेगळे मोजले आहेत. तेव्हा भारतात असं कापड होतं यात शंका नाही. पण हे सगळे नियम व्रतस्थांचे आहेत. ब्रह्मचारी आणि भिक्षू यांना जे नेमून दिलं ते गृहस्थाचं रोजचं नेसण होतं असं त्यावरून म्हणता येत नाही. व्रताच्या वस्त्रात खरखरीतपणा हा दोष नसतोच. दुसरं म्हणजे हे ग्रंथ ज्या उत्तरेत घडले तिथली हवा वेगळी. १८९३-९४ साली सरकारनं नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशननं देशभर साक्षी घेतल्या, मुंबई इलाख्यातही घेतल्या. त्याला भांगेच्या झाडाची धाग्यासाठी खरी लागवड आढळली ती हिमालयाच्या डोंगरी भागात. तिथं थंडीत झाड उंच वाढतं आणि कापूस मात्र पिकत नाही. म्हणून गढवाल-कुमाऊंत भांगेच्या सालीचं ‘भंगेला’ विणलं जाई. इकडे, मुंबई इलाख्यात, अहमदनगरकडं हेच झाड लावलं जात होतं ते गांज्यासाठी. आणि महाराष्ट्रात भांगेच्या धाग्याचा जुना, ठोस पुरावा कुठं मिळतो? वेरूळच्या लेण्यांत, आणि तोही भिंतीच्या गिलाव्यात. राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माती-चुन्याच्या त्या गिलाव्यात भांगेचे अंश सापडले, आणि कीड दूर राहण्याचं श्रेय त्यांनी त्यालाच दिलं. ज्या कारागिरांच्या हाताशी हा धागा होता त्यांनी तो भिंतीला दिला.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा आहे: कापड असेलही, इंग्रजांनी ते मारलं. या शंकेला आधार नाही असं नाही, कारण कापसाच्या विणकामाचं इंग्रजी अमलात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पण तागा-अंबाडीच्या बाबतीत इंग्रजांची भूक उलट दिशेची होती. त्यांचं आरमार रशियातून येणाऱ्या हेम्पच्या दोरांवर आणि शिडांवर चालत होतं. १८०७ मध्ये नेपोलियन आणि झार यांचा तह झाला तशी ती वाट अडली. क्रिमियाच्या युद्धात पुन्हा तीच पंचाईत. रशियावरच्या या परावलंबनाच्या धास्तीनंच विल्यम रॉक्सबर्गनं कलकत्त्याच्या बागेत ताग, अंबाडी आणि इतर झाडांच्या दोरांना वजनं टांगून त्यांची ताकद तपासली, आणि १८५५ मध्ये जॉन फोर्ब्ज रॉइलनं भारतातल्या धागा देणाऱ्या झाडांवर अख्खा ग्रंथ लिहिला. या सगळ्या खटाटोपात शोध होता तो दोराचा. इथलं कापड मोडायचं, तर ते आधी असायला हवं होतं. याच १८५५ साली हुगळीकाठी रिश्रा इथं ज्यूटची पहिली गिरणी निघाली आणि पुढच्या काही दशकांत कलकत्त्याचं गोणपाट गावोगावी पोचलं. त्यानं इथल्या हातविणीच्या गोणीला, तरटाला मागं सारलं, हे खरं. पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन भांगलणारी बाई हे चित्र जुनं वाटतं, पण ते पोतं बंगालचं आणि ती खोळ नेसण्याची नव्हे, गरजेची. त्याच बंगालच्या उत्तर भागात गरीब बाया ज्यूटचं जाडंभरडं कापड नेसत असत. पाणी उदंड आणि कापूस तुटपुंजा असलेला तो मुलूख. अपवाद म्हणून पुढं केलेलं हे उदाहरण माझ्या म्हणण्यालाच दुजोरा देतं.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो टाळून या धाग्यावर लिहिणं खोटं ठरेल. दोराचा गौरव करायचा म्हणजे दोर वळणाऱ्याची गुलामी सजवायची नाही का? अंबाडी कुणब्याच्या रानात उगवे, पण तिला पीळ देणारे हात मातंगांचे. बलुत्याच्या रिवाजानं कासरे, दावी, नाडे त्यांनी वळून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर जे धान्य मिळेल ते घ्यायचं. किती मिळेल हे देणारा ठरवी. नाडा वळायला कौशल्य किती लागे ते पाहा: वाख विंचरून सारख्या जाडीची पेड काढायची, एका बाजूनं पीळ भरत न्यायचा, मग पेडी उलट्या दिशेनं एकमेकींत अशा बसवायच्या की एकीचा उलगडू पाहणारा पीळ दुसरीला घट्ट करील. हातभर जरी ढिलाई राहिली तरी भरल्या मोटेसह बैलांचा तोल जायचा. ज्याच्या कसबावर विहिरीचं पाणी वर यायचं, त्याला त्या विहिरीला शिवायची मात्र बंदी. नाडा पाण्यात उतरे, तो वळणारा काठापासून दूर. इंग्रजी अमलानं गुन्हेगार जमातींचा कायदा लावून त्याच्या हजेऱ्या घेतल्या, तेव्हा जखम आणखी खोल गेली. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १९२० साली याच समाजात अण्णाभाऊ साठे जन्मले, आणि ‘फकिरा’सारख्या कादंबरीतून त्यांनी या माणसांना इतिहासात उभं केलं. तेव्हा दोराचा इतिहास मांडायचा तो बलुत्याची आठवण गोड करण्यासाठी खचितच नाही. उलट ‘आपल्या पूर्वजांचं कापड’ ही गोष्ट सांगणाऱ्यांना विचारावं लागतं, की त्या गोष्टीत वाख धुणारा आणि पीळ भरणारा माणूस कुठं आहे? कापडाच्या कथेत नेसणारा दिसतो. दोराच्या कथेत वळणारा दिसल्याशिवाय राहत नाही. माझ्या मते ती अधिक प्रामाणिक कथा आहे, आणि तिची अडचणही तीच आहे.

हा धागा संपला कसा, हेही या भागाच्याच मातीत घडलं. पलूसजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या हद्दीत, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथं लोखंडी नांगर झाले आणि १९२६ पासून पाणी उपसणारे पंप. विहिरीवर इंजिन बसलं आणि १९६० च्या दशकात कोयनेची वीज आली, तसतशी मोट उतरली. मोट गेली तिथं नाडा गेला. मग नायलॉन आला: हलका, न कुजणारा, बाजारात रोख मिळणारा, कोणाच्या दारी जाऊन मागावा न लागणारा. रोख पैशाच्या या व्यवहारात बलुत्याची लाचारी सुटली, ही जमेची बाजू. कसब मात्र कोणीच वारशानं मागितलं नाही, ही खर्चाची. आषाढात बेंदराला अजून नव्या वेसणी-कासऱ्यांची दुकानं लागतात. गोंडे रंगीत असतात, दोर बहुतेक प्लॅस्टिकचा. साखर कारखान्यांच्या पोत्यांनाही तेच वळण लागलं, म्हणून १९८७ चा कायदा करून साखर-धान्याचा काही हिस्सा ज्यूटच्याच पोत्यात भरणं केंद्र सरकारला सक्तीचं करावं लागलं. ताग मात्र उसाच्या आश्रयानं परत आला आहे, तोही धागा न होताच. नैसर्गिक धाग्याचं अपयश म्हणून मी हे पाहत नाही. काम बदललं, की धाग्याची जागा बदलते. कापडाच्या जागेवर तो कधी बसलाच नव्हता, त्यामुळं त्याला तिथून कोणी उठवलंही नाही.

मग आज इथं हेम्पचं कापड व्हावं, असं म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं? कायद्याची वाट बंद नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात धागा आणि बियांसाठी भांगेच्या लागवडीला परवानगी देण्याची तरतूद आहे. २०१८ पासून उत्तराखंडनं ती वापरून परवाने द्यायला सुरुवात केली, आणि तिथं मागं भंगेल्याची खरी परंपरा आहे. विट्याचे यंत्रमाग उद्या तसलं सूत चढवून विणतीलही. नवी गोष्ट नवी म्हणून आणायला कोणाची हरकत असावी? हरकत आहे ती तिला खोटा वंशवृक्ष चिकटवण्याला, कारण त्या वंशवृक्षात अवघड प्रश्न दडपले जातात. पूर्वी अंबाडीचे दोनच तास पेरले जात, यामागं पाण्याचा आणि श्रमाचा एक जुना हिशेब होता. तो हिशेब आजही सुटलेला नाही. यंत्रानं साल सोलता येईल, रसायनानं चिकटा काढता येईल, पण ते पाणी कुठंतरी सोडावं लागेल, आणि नदी तर कारखान्यांच्या नि गावांच्या सांडपाण्यानं आधीच भरली आहे. हेम्पची योजना घेऊन कोणी सातारा-सांगलीकडं आलं, तर एकरी उतारा किती आणि सदऱ्याला भाव काय, हे विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या आधी कोणीतरी उठून विचारायला हवं: हे कुजवायचं कोणाच्या पाण्यात, धुवायला उतरायचं कोणी, आणि त्याची मजुरी ठरवायची कोणी?